महत्त्वाकांक्षेचे मोल

शाळेत असताना पहिल्या क्रमांकाच्या हव्यासापायी मी आजारी मित्रास माझी वही दिली नाही. बक्षीस मला मिळाले. तो मात्र नापास झाला. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचनात आले. दहा दिवसांचे बाळ दगावल्याचे दुःख उरी बाळगून, स्त्रियांस स्त्री-वैद्य मिळावी या हेतूने त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या. १८८६ साली पदवी संपादून परतल्या आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने निवर्तल्या. महत्त्वाकांक्षा त्यांसही होती, मजसही होती. परंतु त्यांनी तिचे मोल स्वतः दिले, माझे माझ्या मित्रास द्यावे लागले. बालमित्रहो, मोठे होण्याची इच्छा अवश्य धरा. मात्र तिचे मोल कोण देणार, हे आधी स्वतःस विचारा.