पाटील बहिणींचं गाव कोणतं?

हॅरी पॉटर वाचलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या एक गोष्ट पक्की लक्षात असते. हॉगवर्ट्समध्ये पद्मा आणि पार्वती नावाच्या जुळ्या बहिणी आहेत आणि त्यांचं आडनाव पाटील आहे! माझी भाची आता अकरा वर्षांची झाली, म्हणजे हॉगवर्ट्सचं पत्र यायचं वय. मागच्या पोळ्याला आम्ही बंगळुरूहून नागपूरला गेलो आणि तिथून गाडीने आमच्या मूळ गावाकडे निघालो, तेव्हा सावनेर येईपर्यंत तिचा हाच एक विषय चालू होता. रोलिंगबाईंनी जगात जादूच्या अकरा मोठ्या शाळा असल्याचं सांगितलंय. जपानला आहे, ब्राझीलला आहे, युगांडात आहे. मग भारतातली कुठे आहे? आणि पाटील बहिणींचं गाव कोणतं?

"पाटील तर आपल्या गावातही आहेत," मी म्हटलं. "आणि चेटकिणी आहेत असं मानणारेही आहेत. शाळा तेवढी नाही."

सावनेरला रस्ता फुटतो. डावीकडचा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, उजवीकडचा सौंसरवरून छिंदवाड्याला. दोन्हीकडे थोड्या वेळाने महाराष्ट्र संपल्याची पाटी येते, पण महाराष्ट्र संपल्यासारखं काही वाटत नाही. तीच काळी जमीन, त्याच संत्र्याच्या बागा, आणि दुकानाची पाटी हिंदीत असली तरी दुकानदार वऱ्हाडीत भाव सांगतो. हा सगळा भाग भोसल्यांच्या नागपूर राज्यातला. नंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके पलीकडे राहिले. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे काढून या दोघांचा पांढुर्णा जिल्हा केला. पोळा, तान्हा पोळा, झुणका-भाकर यातलं काहीही या सगळ्यात हललं नाही. भुतंखेतंही हलली नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड झेंडा म्हणून रोवतात आणि ते मिळवण्यासाठी दोन्ही बाजूंनी दिवसभर दगड चालतात. इकडच्या मुलाने तिकडची मुलगी पळवून नेली आणि नदीत दोघांवर दगड बरसले, अशी त्यामागची कथा सांगतात. दरवर्षी शेकड्यांनी लोक जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते बाजूला ठेवून दगडच उचलले. आम्हाला काकांनी तिकडे फिरकू दिलं नाही. "पोरीले घेऊन त्या दगडात कुठी जाता?" एवढंच म्हणाले. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. घरातली, गावातली सगळी इडापिडा त्या बाईच्या पुतळ्याच्या अंगावर टाकायची आणि वेशीबाहेर नेऊन जाळायची. भाचीने मोबाइलवर मिरवणूक पाहिली आणि विचारलं, "ही विचच आहे ना, आत्या? पण हिने केलं काय?" मी मारबतीचा इतिहास शोधून सांगितला, तिचं समाधान झालं नाही. माझंही फारसं झालं नाही.

हीच जाम नदी पुढे सौंसरजवळ जामसावळीला जाते. तिथला हनुमान पिंपळाखाली आडवा, झोपलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून पाणी येतं अशी श्रद्धा आहे आणि ते तीर्थ म्हणून देतात. बाहेरची बाधा झालेल्यांना इथे आणतात, मंगळवार-शनिवारी जास्त. नागपूर, अमरावती, बैतूल, सगळीकडून. आम्ही गेलो तेव्हा विशीतली एक मुलगी केस मोकळे सोडून घुमत होती. तिची आई तिचं कोपर धरून बसली होती, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, पदराच्या गाठीत बसचं तिकीट. कोणी हसत नव्हतं. हे लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपण शहरातले लोक अशा जागांची एक तर भीती घालतो नाही तर टिंगल करतो. त्या आईला तिथे कोणी "वेड्या मुलीची आई" म्हणत नव्हतं, एवढं तरी तिला तिथे मिळत होतं. पण औषध मिळत होतं की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' नावाने मानसोपचाराचा दवाखाना चालतो. मुजावर स्वतः रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात. उलट तमिळनाडूत एरवाडीला २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधायला देशभर बंदी केली. आणि आता १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. गावाकडे कोणी असेल तर हा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या.

चेटकिणीचा प्रश्न मात्र औषधाने सुटणारा नाही, कारण तिथे आजारी एक असतो आणि शिक्षा दुसऱ्याला होते. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेणं, भूत उतरवायला मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. छत्तीसगडने २००५ मध्येच टोनही कायदा केला. मध्य प्रदेशात असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणजे सावनेरच्या बाजूला जो खास गुन्हा आहे, त्याच भाषेत, कदाचित त्याच सोयऱ्याने, थोडं पुढे जाऊन केला तर पोलिसांना साधी मारहाणीची कलमं शोधावी लागतात.

हे सगळं मी पर्यटक म्हणून सांगत नाहीये. आमच्या घरात एक चेटकीण होऊन गेली.

ती आजीची धाकटी जाऊ. विशीत विधवा झाली, मूल नव्हतं. तिच्या वाट्याला विहिरीजवळचा तुकडा आला होता, संत्र्याची बाग तिनेच लावली. एका पावसाळ्यात शेजारच्या घरातली दोन मुलं तापाने गेली. भगताने तांदूळ पाहिले आणि दिशा सांगितली. गावाने तिला विहिरीवर पाणी भरू देणं बंद केलं. पुढे काय काय झालं ते आजीने कधी नीट सांगितलं नाही. एवढंच की एका रात्री तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि ती नागपूरला गेली, ती परत आली नाही. तिथे लोकांकडे स्वयंपाक करून राहिली. बाग आमच्याकडे राहिली. बाबांचं कॉलेज आणि माझं बीई त्याच संत्र्यांवर झालं.

गोष्टीतले जादूगार माणसांच्या छळाला कंटाळून लपून राहतात, त्यांच्याकडे छडी असते, मंत्रालय असतं. या आजीकडे एक विहीर होती आणि तीच नडली.

रात्री जेवताना भाचीने सरळ काकांनाच विचारलं, "ती आजी खरंच जादू करायची?"

काका भाकरी मोडत राहिले. "कायची जादू बाप्पा," ते म्हणाले. "जमीन होती तिच्याजवळ."

काकू ताट घेऊन थांबल्या. मग काकांनी उठून कपाटातून खसऱ्याची नक्कल काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती पाहत होते. आजोबांच्या नावाखाली तिचं नाव अजून तसंच होतं. कोणी कमी करायला अर्जच दिला नव्हता, आणि काकांनीही दिला नाही. तिने भावाचा मुलगा सांभाळला होता, त्याचा मुलगा नागपुरात मोटारीचे पार्ट विकतो, हेही त्यांना माहीत होतं. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही.

"बाबाले विचार तुया," काका मला म्हणाले. "सही दोघायची लागन."

बाबांना मी तिथूनच फोन लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तहसीलमध्ये कोणता कागद लागतो ते सोमवारी विचारून ठेव.