पाच बोटं, चार नद्या

मुलांनो, तुमचा डावा हात वहीवर पालथा ठेवा. बोटं उजवीकडे, चांगली फाकवून. झाला आपल्या कोल्हापूरचा नकाशा तयार!

मनगट म्हणजे पश्चिमेचा सह्याद्री. तिथून पूर्वेकडे आलेली बोटं म्हणजे त्याच्या डोंगररांगा. सगळ्यात वरची करंगळी पन्हाळ्याची. बोटांमधल्या चार फटींतून चार नद्या वाहतात: कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती.

हे डोंगर झाले कसे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरांवर थर साचले. त्यांचा झाला काळा कातळ. पावसानं आणि नद्यांनी तो लाखो वर्षं कोरला. उरल्या त्या या रांगा. पन्हाळ्याच्या आणि मसाईच्या सपाट माथ्यावर मात्र तांबडा, सच्छिद्र जांभा दगड आहे. तो पावसाचं पाणी पितो आणि खाली झऱ्यांच्या रूपानं सोडतो. याच मसाई पठारावरून जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले होते.

उंचावरच्या वाड्यांतून नाचणी पिकते, खाली खोऱ्यात भात आणि ऊस. गुऱ्हाळं सुरू झाली की काकवीचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो! भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, तेही याच पाण्याचं मोल ओळखून.

चारही नद्या शेवटी प्रयाग चिखलीजवळ एक होतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त मानतात. म्हणून नाव पंचगंगा. पण गंमत इथंच संपते. पाऊस कोसळतो गगनबावड्याच्या घाटात आणि पाणी शिरतं चिखलीच्या घराघरांत! चार खोऱ्यांचं पाणी एकदम येतं, पुढं जमीन सपाट. त्यात नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असली, की पंचगंगेला जायला वाटच उरत नाही. ती मागं फुगते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. माणसं गुरंढोरं घेऊन घराबाहेर पडली.

पुढच्या सहलीला पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन झाली, की कड्यावर जरा थांबा. पश्चिमेला ढग दाटलेत का, बघा. दाटले असतील, तर खाली चिखलीतलं कुणीतरी आत्ता नदीकडे बघत असेल.