म्हातारा कारवानी

थोडं लांब आहे, पण सवड काढून वाचा.

मागच्या महिन्यात लातूरहून एक कुत्रा घरी आणला. कारवानी. लांब तोंड, आत गेलेलं पोट, उंच पाय. शिकारीचा कुत्रा म्हणून आपल्याकडं अन् पलीकडं कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, तोच. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, नऊ-दहा वर्षं. कुणीतरी रस्त्यावर सोडून गेलं होतं. काही पोरं पत्र्याच्या शेडमध्ये जखमी जनावरं सांभाळतात, त्यांनी उचलून आणला. चार महिने तिथं होता. येणारा प्रत्येकजण त्याच्याकडं बघायचा आन् विचारायचा, "पिल्लू नाही का एखादं?"

नांदेडला परत येताना अहमदपूरच्या पुढं माळेगाव लागतं. खंडोबाच्या यात्रेत इथं घोडे, गाढवं, उंट येतात, कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. लहानपणी मी आजोबांचं बोट धरून ते बघायला जायचो. लोक कुत्र्याची छाती बघणार, पाय बघणार, किंमत विचारणार. म्हातारा कुत्रा तिथं कधी दिसला नाही. आमचा स्वतःचा मोत्या पळेनासा झाला तेव्हा आजोबांनी त्याला बाजाराच्या दिवशी दूर नेऊन सोडला. मी सात वर्षांचा होतो, टेम्पोत मागं बसलेलो. बराच वेळ पळत आला तो. मी काही बोललो नाही. आजोबा वाईट माणूस नव्हते हो, तेव्हा सगळेच असं करायचे.

आजही करतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! दोन माणसांचा सुशीला-चहासुद्धा त्यात होत नाही. भटक्या कुत्र्यांवर आपण रोज भांडतो, कोर्टाच्या आदेशांवर पोस्टी टाकतो. पण त्यातली काही कुत्री कुणाच्यातरी अंगणातून तिथं आलेली असतात, हे कुणी काढत नाही. मीही काढत नव्हतो.

आता घरचं सांगतो, कुणाला आणायचा असेल तर उपयोगी पडेल. पहिले आठ दिवस तो कोपऱ्यातून हललाच नाही. ही जात परक्याचा हात अंगावर सहन करत नाही, म्हणून आम्हीही लावला नाही. खायला एकदम भरपूर घातलं नाही. भाकरी, अंडं, थोडंथोडं, दिवसातून चारदा. गोचिडाच्या तापाची तपासणी केली, रेबीजची लस दिली. फरशीवर त्याचे मागचे पाय घसरायचे, म्हणून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पोती अंथरली. अंगावर चरबी नाही, त्यामुळं थंडी फार वाजते.

शेजारचे विचारतात, "राखण तरी करतो का?" नाही करत. दिवसभर झोपतो. खर्च आहे, आणि फार वर्षं राहणार नाही हेही माहीत आहे.

आई सुरुवातीला चिडली होती, "म्हाताऱ्या माणसाचं होत नाही, आन् कुत्रं कशाला?" नाव मात्र तिनंच ठेवलं, वाघ्या. परवा पहाटे उठलो तर तिची जुनी गोधडी त्याच्या अंगावर होती. विचारलं तर म्हणाली, "फाटलीच होती ती."

गोधडी चांगली धडधाकट आहे.