वर्षअखेरचा भूगोल

वार्षिक परीक्षा जवळ आली कीं आपल्या सुशिक्षित घरांतून 'प्रकल्प' नांवाचा एक आगंतुक पाहुणा येऊन दाखल होतो. सहावी-सातवींतल्या चिरंजीवांना भूगोलाचा प्रकल्प सोमवारीं द्यावयाचा असतो, आणि ही गोष्ट त्यांना रविवारीं दिवेलागणीच्या सुमारास आठवते. मग वडील थर्माकोल आणावयास धांवतात, आई रंग कालवून देते, थोरली बहीण वळणदार अक्षरांत नांवें घालते, आणि रात्रीं अकराच्या ठोक्याला एक तांबडा-पिवळा ज्वालामुखी पाटावर सिद्ध होतो. ज्यांचा म्हणून हा प्रकल्प, ते चिरंजीव तोंपर्यंत झोंपी गेलेले असतात !

आम्हीं कांहीं वर्षें या इयत्तांस भूगोल शिकविला असल्यामुळें असे ज्वालामुखी ओळीनें मांडलेले आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतली मौज अशी कीं, ज्या काळ्या दगडावर आपलीं घरें उभीं आहेत तो दगड अशा शंकूसारख्या डोंगरांतून आलेलाच नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या होत. मुलानें परदेशचा डोंगर रंगविला आणि पायाखालचा दगड त्यास अनोळखीच राहिला, तर त्या प्रकल्पानें भूगोल शिकविला कीं झांकून ठेवला, असा प्रश्न सहजच मनांत येतो.

यांत शिक्षकांनाच दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. केवळ घोकंपट्टीवर मुलांची पारख होऊं नये, म्हणून महाराष्ट्रांतील शाळांत २०१० सालापासून वर्षभराच्या मूल्यमापनांत उपक्रम व प्रकल्प यांना स्थान मिळालें. हेतु उत्तमच होता. परंतु उत्तम हेतूचें रूपांतर दुकानांतल्या सामानांत करण्याचें कसब आपल्या वर्गाच्या अंगीं फार आहे. आमच्या मतें भूगोलाच्या प्रकल्पास तीन कसोट्या लावाव्या : त्यांतील प्रश्नाचें उत्तर घरांत वा दुकानांत तयार मिळूं नये, त्याला वही-पेन्सिलीपलीकडे फारसा खर्च येऊं नये, आणि मुलानें स्वतः चालल्यावांचून, मोजल्यावांचून किंवा कोणास विचारल्यावांचून तो पुरा होऊं नये. एवढें सांभाळून शिक्षकांनीं चार-पांच विषय पुढें ठेवावे व निवड मुलावर सोंपवावी. आम्ही जे विषय देत असूं, त्यांतील कांहीं येथें सांगतों.

पहिला विषय आपल्या आळीचा नकाशा. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता पावलांनीं मोजावयाचा, वळणें होकायंत्रानें टिपावयाचीं, आणि ठराविक प्रमाणानें कागदावर उतरावयाचीं. मोबाइलवर जगाचा नकाशा आयता मिळत असतां हा उपद्व्याप कशाला, असें मुलें विचारतात. त्यांना आम्ही पंडित नैनसिंह रावत यांची हकीकत सांगत असूं. कुमाऊंतील मिलम गांवचा हा शाळामास्तर एकोणिसाव्या शतकांत भारतीय सर्वेक्षण खात्याकडून शिक्षण घेऊन, यात्रेकरूच्या वेषानें तिबेटांत शिरला आणि १८६६ च्या जानेवारींत ल्हासास पोंचला. त्याच्या हातांतील माळ १०८ मण्यांची नव्हती, १०० मण्यांची होती. दर शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा. दोन हजार पावलांचा एक मैल, अशी त्यास तालीम होती. प्रार्थनाचक्रांत मंत्रांच्या ऐवजीं टिपणांचे कागद असत. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यास सुवर्णपदक दिलें. एका शाळामास्तरानें पावलें मोजून तिबेटचा नकाशा घडविला, हें ऐकल्यावर सदाशिव पेठेंतून शाळेपर्यंत चालण्याचा कंटाळा कोणी बोलून दाखवीत नसे.

दुसरा विषय काठीच्या सावलीचा. आपल्याकडे वर्षअखेर मार्चांत येते, हें यास फार सोयीचें आहे; कारण २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो. त्या दिवशीं अंगणांत किंवा गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यानें सरळ उभी करावी आणि दुपारीं बारापासून एकपर्यंत दर पांच मिनिटांनीं सावलीचें टोंक खडूनें टिपावें. सर्वांत आंखूड सावली पुण्यांत सुमारें ३३ सेंटिमीटर, नागपुरास ३९ आणि दिल्लीस ५४ ते ५५ भरते. काठी व सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर लहान प्रमाणांत काढून काठीच्या टोंकाशीं होणारा कोन कोनमापकानें मोजला, कीं तेंच त्या गांवाचें अक्षांश. मुलांस पहिला धक्का बसतो तो निराळाच. सर्वांत आंखूड सावली पुण्यांत बारा वाजतां पडत नाहीं, १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास पडते. आपलें घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताचें आणि सूर्य मात्र आपल्या गांवचा, हा धडा मग पुस्तकांतून वाचावयाची गरज उरत नाहीं.

दिल्लीस कोणाचा मामा वा आत्या असेल तर आणखी पुढें जातां येतें. दोन्हीं ठिकाणीं एकाच दिवशीं कोन घ्यावे. त्यांत सुमारें १० अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या छत्तिसाव्या भागाचा फरक येतो. दोन्ही अक्षवृत्तांमधील दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारें ११२० किलोमीटर निघतें. त्याची छत्तीस पट केली कीं पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरांच्या आसपास येतो. इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकांत इराटोस्थेनीस यानें मिसर देशांत हीच युक्ति योजिली होती. आमच्या वर्गांत कोणाचा परीघ ३७,००० येई, कोणाचा ४४,०००. चूक कोठें झाली असेल, काठी वाकडी होती कीं मामांनीं जेवणानंतर माप घेतलें, यावर जो वाद माजे तोच आम्हांस प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग वाटे.

ज्या मुलींना वा मुलांना उन्हांत उभें राहाणें जमत नसेल, त्यांनीं स्वयंपाकघराचा नकाशा करावा. एकादशीस आपल्या घरीं जी साबूदाण्याची खिचडी होते तीच घ्या. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. सोळाव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांच्या, विशेषतः पोर्तुगीजांच्या, गलबतांतून तीं हळूहळू इकडे आलीं. आज आपला साबूदाणा बहुतांशीं तमिळनाडूंतील सेलमच्या बाजूनें येतो. फोडणींतील हिंग अफगाणिस्तान-इराणकडील. त्याची भारतांत पद्धतशीर लागवड करण्याचा प्रयत्न हिमाचलांतील लाहौलच्या खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाला. उपासाच्या ताटांत परदेश एवढा बसलेला पाहून एखाद्या आजीबाई क्षणभर गोंधळतील. परंतु आपलें-परकें ठरविण्यांत काळाचा हात केवढा असतो, हें नातीला आणि आजीला एकाच बैठकींत समजलें तर त्यांत वाईट काय आहे?

चौथा विषय आम्हीं 'घरांतील वडील माणसाचें गांव' असा ठेविला होता. वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील एका इमारतीवर रात्रीचा पहारा करीत. मागील दोन्हीं वर्षीं प्रकल्प मागितला असतां 'विसरलों' एवढेंच तो सांगे. रंग, पुठ्ठे, छापील चित्रें यांचे पैसे घरीं मागणें त्याला जड जात होतें, हें वर्गांत सर्वांस ठाऊक होतें आणि कोणी बोलत नव्हतें. त्या वर्षीं तो एका जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर आजीचें गांव काढून घेऊन आला. तें गांव भीमेच्या कांठीं होतें. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं तें गेलें. आजीनें सांगावें आणि नातवानें काढावें, अशा रीतीनें त्यांत वेस, मारुतीचें देऊळ, खळीं, चिंचेचीं झाडें आणि विहीर हीं सर्व यथास्थित आलीं होतीं. नकाशाच्या खालीं प्रमाण हवें, हा आमचा नियम. तेथें त्यानें लिहिलें होतें, 'घर ते विहीर : दोन विसावे.' भरलेली घागर घेऊन येतांना जेथें ती उतरून दम घ्यावा लागे तो एक विसावा. आजीनें अंतर डोक्यावरच्या भारानें मोजलें होतें.

काचेच्या चौकटींत बसविलेले प्रकल्प आणणारीं मुलें त्या पानाभोंवतीं गोळा झालीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं त्या जलाशयांतून पळसदेवचें प्राचीन मंदिर जसें वर येतें, तशी तुझ्या आजीची विहीर दिसते का, असें एकानें विचारलें. 'आजी दर वर्षीं बघायला जाते,' तो म्हणाला. आम्हीं त्या दिवशीं पुढचा धडा घेतला नाहीं. दुकानांतील सामानावर गुण देण्याची पद्धत चालू राहिली असती तर हा मुलगा शाळा सोडीपर्यंत 'विसरलों' असेंच म्हणत राहिला असता. आणि धरण म्हणजे उद्दिष्ट, उंची व साठा एवढेंच आमच्या इतर मुलांस माहीत राहिलें असतें.

आतां पालकांविषयीं दोन शब्द. मुलास मदत करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. काठी धरावी, मामांस दूरध्वनि करून द्यावा, आजीजवळ बसण्यापुरती क्लासांतून एक संध्याकाळ सोडवावी. मात्र पेन्सिल मुलाच्याच हातीं असूं द्यावी. रेघ वांकडी आली तर येऊं द्यावी. शिक्षकांनींही सुबकपणास थोडेच गुण ठेवून बाकीचे टिपणवहीस द्यावे. कोणत्या दिवशीं काय मोजलें, काय चुकलें, पुन्हा केव्हां मोजलें, हें त्या वहींत तारीखवार असावें. अशी वही बाजारांत मिळत नाहीं आणि आईस एका रात्रींत लिहितांही येत नाहीं.

वर्षअखेरीस अद्याप अवकाश असेल तर आजच चिरंजीवांस वा कन्येस जवळ बोलवावें आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसाचें गांव कोणतें, तेथें पाणी कोठून येई, एवढेंच विचारावें. उत्तर आलें नाहीं तर प्रकल्पाचा विषय मिळाला असें समजावें, आणि पहिली रेघ आजी-आजोबांच्या समोर बसून काढण्यास सांगावें.