सूनबाईने मला धावायला नेले

बहिणींनो, आपण शेतकऱ्याच्या बायका जन्मभर धावतच असतो. पहाटे धारेसाठी, दुपारी भाकरी घेऊन मळ्याकडे, संध्याकाळी सुटलेल्या वासरामागे. पण कामाशिवाय नुसतेच धावायचे, आणि तेही शहर बघायला, असे कुणी सांगितले असते तर मी पदर तोंडाला लावून हसले असते. गेल्या माघात मीच तशी धावले. खरे सांगायचे तर निम्मे चालले आणि निम्मे धावले.

माझा धाकटा मुलगा नवी मुंबईत नेरूळला राहतो. सून रोज पहाटे बूट चढवून रस्त्याने धावते, हे गावात कळले तेव्हा भावकीत कुजबूज झाली. मीही फोनवर तिला दोन शब्द ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, "आई, एकदा माझ्याबरोबर या. मग काय रागवायचे ते रागवा."

निघताना घरात एक बोलणे अर्धेच राहिले होते. आमच्या वरच्या आणि खालच्या वावरामधून सासऱ्यांनी खणलेला एक चर जातो. तीन-चार वर्षे त्यात पाणी दिसले नाही. मालक आणि धाकटे भावजी म्हणत होते, जेसीबी बोलावून चर बुजवू, तेवढेच चार गुंठे वाढतील. मीही मान डोलावली होती.

मला नवी मुंबई ठाऊक होती ती आडत्याच्या पट्टीवरच्या वाशी मार्केटपुरती. आपला कांदा-बटाटा, भाजीपाला तिथे जातो ना! शहर नवे, मग त्यात जुने बघण्यासारखे काय असणार, असे मला वाटे. सूनबाई म्हणाली, "पाचेक किलोमीटरची वाट आहे. चला, दाखवते."

पहिला मुक्काम नेरूळचा मोठा तलाव. त्याला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' म्हणतात. भोवतीने छान वाट आहे आणि त्या वाटेवर माझ्या वयाच्या कितीतरी बाया बूट घालून झपझप चालत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हते. माझा अर्धा संकोच तिथेच गेला. मला वाटले, हा तलाव शोभेसाठी बांधला असेल. बाकावर करावे गावचे एक म्हातारबाबा टेकले होते. माझे लुगडे आणि सुनेचे बूट बघून तेच बोलू लागले.

"बाय, हा तलाव शोभेचा नाही. पावसाळ्यात भरतीच्या वेळी खाडीचे पाणी जमिनीहून वर चढते. तेव्हा याची दारे आपोआप मिटतात. शहरातले पावसाचे पाणी इथे थांबते. ओहोटी लागली की दारे उघडतात आणि पाणी खाडीत जाते. ही विद्या हॉलंड देशाची म्हणतात. पण आमच्या बापजाद्यांच्या खारबंदिस्तीला दुसरे काय होते? उघाडीच होती ती!"

मग त्यांनी उघाडी समजावली. खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खारे पाणी अडवले आणि आत भाताची खाचरे केली. बांधात ठेवलेल्या दाराला उघाडी म्हणतात. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडते. खाऱ्या जमिनीत राता जातीचे तांबडे भात पिके. बांधाला खांड गेली की सारे गाव घमेली घेऊन धावे, कारण एकाच्या बांधातून शिरलेले पाणी सगळ्यांचे भात नासवी.

"आता कुठे आहे तुमचे शेत?" मी विचारून गेले. बाबांनी समोरच्या उंच इमारतींकडे नुसता हात केला.

पुढची वाट आम्ही हळूच धरली. सूनबाईने सांगितले, 1970 साली सिडको स्थापन झाली आणि या शहरासाठी 95 गावांची जमीन घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी शेतकरी लढले. दि. बा. पाटील त्यांचे पुढारी होते. जानेवारी 1984 मध्ये खाडीपलीकडे उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, तिच्यामागे हा लढा आहे. ऐकताना माझे पाय आपोआप थांबले. आपल्या गावावरून रस्ता जाणार म्हटले तरी आपला जीव वरखाली होतो. यांचे तर शिवारच गेले.

पाम बीच रस्त्याच्या कडेने आम्ही सीवूड्सच्या तलावाशी पोचलो. तिथे फ्लेमिंगो उभे होते, गुलाबी पंखांचे, उंच पायांचे. हिवाळ्यात ते इथे येतात. पाहताना डोळे निवले. पण सूनबाई म्हणाली, "2024 मध्ये खाडीतून आत येणारी पाण्याची वाट बुजली, तलाव सुकला आणि काही पक्षी मेले." म्हणजे इथेही तेच. पाण्याची वाट मोडली की कुणाला तरी भोगावे लागते.

शेवट बेलापूरला, किल्ले गावठाणापाशी. एकीकडे महापालिकेची घुमटाची भव्य इमारत, दुसरीकडे जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे त्याचे धनी बदलले. धनी बदलले तरी खाडीची भरती-ओहोटी काही बदलली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तिच्याशी जुळवूनच घ्यावे लागले.

तिथल्या कट्ट्यावर दम खात असताना मला आमचा चर आठवला. सासऱ्यांनी तो उगीच का खणला असेल? वरच्या शिवाराचे पाणी तुंबू नये म्हणूनच ना! चार वर्षे पाणी आले नाही म्हणून पाचव्या वर्षी येणार नाही, असे थोडेच आहे?

गावी येऊन मी हे सांगितले. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच फावडे घेऊन चरातली झुडपे काढू लागले. भावजी मात्र अजून रुसलेले आहेत. "वहिनी शहरात धावून आल्या आणि आमचे चार गुंठे घालवले," असे चारचौघांत म्हणतात. म्हणू देत. मोठा पाऊस लागला की त्यांचेही वावर त्याच चरामुळे वाचणार आहे.

आणि हो, सूनबाईला मी रागावले नाही. आता पहाटे मीच ओढ्यापर्यंत झपझप जाऊन येते. बाया हसतात. तुम्हीही एकदा तसे आपल्या शिवारातून फिरून या, आणि पाण्याच्या जुन्या वाटा कुठे बुजल्यात ते बघा. त्या कुणी, कशासाठी केल्या हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगायला आहेत, तोवरच विचारा.