उंच गाडी व आखूड पाय

आमची उंची पांच फूट चार इंच आहे. हा खुलासा प्रथमच करून ठेवणें बरें, कारण पुढील सर्व हकीकत त्या चार इंचांभोंवतींच फिरणार आहे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत आम्ही गिरगांवांतील वाडींतून दादरच्या कचेरीस स्कूटरवरून जात-येत असूं, व तेवढ्यानें आमचें समाधानहि होत असे. परंतु लांबच्या प्रवासासाठीं व खडतर वाटांसाठीं केलेल्या ज्या उंच मोटारसायकली आतांशा जिकडे तिकडे दिसूं लागल्या आहेत, त्यांनीं एकाएकीं आमच्या मनांत घर केलें. आमचें कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. दर वर्षीं सर्व मंडळी आगगाडीनें चिपळूणपर्यंत जाऊन पुढें मोटारीनें गुहागर गांठतात. ह्या खेपेस आपण दोघांनींच स्वतःच्या गाडीवरून, वाटेंत वाटेल तेथें थांबत जावें, असा बेत आम्हीं पत्नीपुढें मांडला. आणि जिनें आजवर आमच्या बहुतेक बेतांस दोन दिवस विचार करून नकार दिला होता, तिनें तत्काळ होकार दिला.

ह्या जातीच्या गाड्या उंच कां असतात, हें आम्हीं गाडी घेतल्यावर वाचलें. शहाणे लोक आधीं वाचतात. १९८० सालीं जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें आर ८० जी/एस ही गाडी काढली, तेव्हांपासून रस्ता व रान ह्या दोहोंवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांचा हा वर्ग रूढ झाला. पुढच्याच वर्षीं पॅरिस-डाकार ही वाळवंटांतील शर्यत त्याच कंपनीच्या गाडीनें जिंकली. दगडधोंडे ओलांडतांना चाकास वरखालीं होण्यास मोकळीक लागते, आणि इंजिनाचें पोट घासूं नये म्हणून तेंहि वर उचलावें लागतें. रॉयल एनफील्डच्या २०२३ सालच्या हिमालयन ४५० मध्यें चाकांची ही मोकळीक २०० मिलिमीटर आहे व पोट जमिनीपासून २३० मिलिमीटर वर आहे. एवढें सगळें वर गेल्यावर बैठक तेवढी खालीं कशी राहील? ती ८२५ मिलिमीटरवर, म्हणजे साडेबत्तीस इंचांवर गेली आहे, आणि गाडीचें वजन १९६ किलो. त्याच कंपनीच्या २०१६ सालच्या पहिल्या हिमालयनची बैठक ८०० होती. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० सालीं आली ती ८५५ ची. उलट सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५ ची असूनहि वजनास १६७ किलोच भरते. उंची व वजन हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि नवशिक्यानें दोन्ही स्वतःस वेगवेगळे विचारले पाहिजेत.

आम्हीं एकहि विचारला नाहीं. दुकानांत जी सर्वांत रुबाबदार दिसली तिच्यावर चढून बसलों. विकणाऱ्या तरुणानें ती हँडलाशीं धरून ठेवली होती, आणि दुसऱ्यानें धरलेल्या घोड्यावर कोणीहि शूर असतो. पायांचे अंगठे तेवढे फरशीस टेंकत होते. समोरच्या कांचेंत आमची छबि दिसली, आणि व्यवहार पुरा झाला. गाडीचें नांव सांगत नाहीं, कारण दोष तिचा नव्हता.

मुंबईच्या दुचाकीस्वारास सागरी सेतु, किनारा मार्ग, अटल सेतु व पुण्याचा द्रुतगति मार्ग हे सारेच बंद आहेत. गुहागर असो कीं हिमालय असो, त्यास प्रथम परळ, लालबाग, दादर, शीव ह्या गर्दींतूनच सरकावें लागतें. सरावासाठीं म्हणून एका रविवारीं सकाळीं पत्नीस मागें घेऊन आम्ही दादरकडे निघालों. लालबागच्या उड्डाणपुलाखालीं एक हातगाडी आडवी आली. आम्हीं घाईनें डावीकडे वळवून पुढचा ब्रेक दाबला व पाय टेंकण्यास काढला. रस्ता मध्यें उंच व गटाराकडे उतरता असतो, हें चाळीस वर्षें त्यावरून चालूनहि आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. जेथें जमीन असावयास पाहिजे होती तेथें ती नव्हती. दोन इंच खालीं होती. गाडी हळूहळू, अगदीं विचारपूर्वक आडवी झाली.

आम्हांस कांहीं लागलें नाहीं. पत्नीचें मनगट दुखावलें, तें तीन आठवडे पट्ट्यांत होतें. घरीं आल्यावर आई, दादा, वहिनी सर्व गोळा झालीं, आणि आमच्या तोंडून निघून गेलें कीं, रस्त्यावर तेल सांडलें होतें. पत्नीनें आमच्याकडे एकवार पाहिलें व ती कांहींच बोलली नाहीं. त्या दिवशीं नाहीं व पुढेंहि नाहीं. गुहागरचा विषय मात्र तिनें पुन्हा काढला नाहीं.

खालीं वाडींत आमच्या पुतणीनें गाडी फिरून फिरून पाहिली. ‘काका,’ ती म्हणाली, ‘टायरला तेलाचा डाग कोठेंच दिसत नाहीं.’

ही मुलगी गुढीपाडव्याच्या गिरगांवच्या शोभायात्रेंत नऊवारी नेसून बुलेट चालविणाऱ्यांपैकीं आहे. पाहणारास तेथें शोभा दिसते. परंतु ढोलताशांच्या पथकामागून, माणसाच्या पावलाच्या गतीनें, गाडी न अडखळतां चालविणें हें भरधाव जाण्याहून किती कठीण आहे, तें आम्हांस तिच्या हाताखालीं कळलें. पुढचे दोन महिने दर रविवारीं पहांटे ती आम्हांस शिवाजी पार्काच्या बाजूच्या गल्ल्यांत नेई. हाफ क्लचवर राहावयाचें, मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवावयाचा, आणि नजर चाकापुढें न ठेवतां जेथें जावयाचें तेथें ठेवावयाची. हँडल वळलेलें असतांना पुढच्या ब्रेकास हात लावावयाचा नाहीं. थांबतांना दोन्ही पायांचे अंगठे टेंकविण्याची धडपड करण्यापेक्षां बैठकीवरून किंचित डावीकडे सरकून डावा पाय सबंध तळव्यानिशीं रोंवावा. उजवा ब्रेकावर असूं द्यावा. आणि कडेच्या उतारावर न थांबतां हातभर आंत थांबावें. पडलेली गाडी उचलण्याची रीतहि तिनें शिकविली: तिच्याकडे पाठ करून, खालीं बसून, कंबर बैठकीस लावून पायांच्या जोरावर मागें मागें सरकावयाचें. आमच्या आखूड पायांची ताकद आम्हांस त्या दिवशीं प्रथम समजली.

टिळक पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघणें आम्हांस जमूं लागलें, तरी वाडी जमेना. तोंडाशीं अरुंद वाट, खालीं उंचसखल फरशा, आंत वळण्यास जागा नाहीं; गाडी पायांनीं मागें रेटीत न्यावी लागते, आणि तेथें अंगठ्यांचा उपयोग नसतो. एका कारागिराकडून बैठकीचा फोम कापून घेतला. उंची इंचभर उतरली आणि अर्ध्या तासांत बसवेनासें झालें. मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे सांधे बदलून गाडी खालीं बसविण्याचीहि युक्ति आहे. पण मग पोट घासूं लागतें, आणि स्टँड आखूड करून घेतला नाहीं तर उभी केलेली गाडी उजवीकडे कलंडते. पुतणी म्हणाली, ‘काका, गाडी धांवते कोठें हें तुम्हीं पाहिलेंत. ती थांबते कोठें, तें पाहा.’

आम्हीं ती विकली. नुकसान किती झालें तें दादास अद्यापि सांगितलेलें नाहीं. तिच्या जागीं जुनी, ८०० मिलिमीटरची हिमालयन घेतली. वजनानें ती मुळींच हलकी नाहीं. पण दोन्ही पायांचे चवडे टेंकतात, आणि वाडींतून ती आम्हांस एकट्यानें बाहेर काढतां येते. नवी घेण्यापूर्वीं मात्र एका रात्रीं पानावर बसलों असतां आम्हीं सर्वांदेखत सांगून टाकलें कीं, लालबागला तेल सांडलेलें नव्हतें. दादा हंसला. आई म्हणाली, ‘मला तेव्हांच कळलें होतें.’ पत्नीनें आमच्या भातावर ताक वाढलें.

दुसऱ्या दिवशीं ती म्हणाली, ‘त्याच जागीं थांबून दाखवा, मग बसेन.’

म्हणून गेल्या रविवारीं आम्ही एकटेच निघालों, व ती बसनें पुढें जाऊन लालबागच्या पदपथावर उभी राहिली. आम्ही गटारापासून हातभर आंत थांबलों. डावा पाय पुरता टेंकला. ती हेल्मेट चढवून आली, आमच्या खांद्यावर बरा झालेला हात ठेवून मागें बसली, आणि म्हणाली, ‘चला. पण तेल दिसलें तर आधीं सांगा.’