घोट्यातला हातोडा

घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं आणि रिपोर्ट उशाशी पडून राहिला. दुपारी झोप लागेना की त्यातलाच एक शब्द पुटपुटत राहायचे: मॅलिओलस. ‘मॅलिअस’ म्हणजे हातोडा आणि पुढचा ‘ओलस’ लहानपणा दाखवणारा प्रत्यय. घोट्याच्या दोन्ही अंगांना हाताला लागतो तो टणक उंचवटा म्हणजे चिमुकला हातोडा. नडगीचं हाड टिबिया, म्हणजे बासरी. तिच्या कडेचं बारीक फिब्युला ही रोमन लोकांची वस्त्र अडकवायची पिन. ठणका कमी झाला नाही. पण आपल्या पायात कुणाचं तरी घरसामान जपून ठेवलंय असं वाटून जीव थोडा शांत झाला. भीती हाडाची होती की अनोळखी नावाची, हे अजून उलगडलेलं नाही.

मग या नावांच्या उच्चारातल्या आघातांचा नाद लागला. लॅटिनमध्ये शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. गुडघ्याची वाटी ‘पटेल्ला’. तिथे जोडाक्षरामुळे ‘टे’ गुरू होतो आणि आघात ओढून घेतो. फिब्युलाच्या लॅटिन उच्चारात, ‘फीबुला’त, ‘बु’ लघू, म्हणून जोर ‘फी’वर. शाळेत गण पाडताना हेच तर करायचो! मणक्याच्या ‘व्हर्टेब्रा’त मात्र जोडाक्षर असूनही ‘टे’ लघूच राहतो आणि आघात मागे ‘व्हर’वर जातो. हा अपवाद मला फार आवडला. आपल्या ‘तुम्ही’तला ‘तु’सुद्धा असाच लघू राहतो.